महादेवाचा वार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे नखं कापणं. रविवारची सकाळ होती, ओट्यावर ऊन आलं होतं. बायकोला मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, तिच्या मांडीवर जुना टॉवेल टाकला आणि नेलकटर घेऊन समोर पाटावर बसलो. डाव्या हाताची पाच नखं झाली. तेवढ्यात तिनं माझाच हात धरला आणि बोटं मोजायला लागली. माझ्या डाव्या हाताच्या एका बोटाचं वरचं पेर नाही. तरुणपणी कंपनीत प्रेसखाली गेलं.

"पाव्हणं, ह्ये नख कुठं गेलं?"

"कंपनीत ऱ्हायलं."

"मग घिऊन या की. इसरून कसं येता?"

मी हसलो, तीही हसली. मग तिनं उजवा हात मागं घेतला आणि पदराखाली लपवला. कंटाळली की असं करायची. मी म्हटलं, "बरं, ऱ्हायलेली उद्या काढू."

"उद्या नगं," ती म्हणाली. "उद्या महादेवाचा वार."

मी नेलकटर हातात धरून तसाच बसलो. हे बोलणं तिच्या तोंडून दोन-अडीच वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यात काय होतं ते कळायचं तर मागचं सांगावं लागेल.

मी सातवी शिकलेला माणूस. चाकणजवळ आमचं गाव. आधी जमीन कंपनीत गेली, मग मी गेलो. प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, सगळी नोकरी काढली. घरामागं चार खोल्या बांधून कंपनीतल्या लोकांना भाड्यानं दिल्या. एकच मुलगा, संतोष. तो हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, मारुंजीला फ्लॅटमध्ये राहतो.

बायकोच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली माणसं विचारायची, बाबा, तुम्ही घरी कसं सांभाळता? नंबर लागेपर्यंत सगळं सांगून व्हायचं नाही. म्हणून वहीत लिहून काढलं. संतोष टाइप करून देणार आहे. त्याला बजावलंय, माझ्याबद्दल वाईट लिहिलंय ते काढायचं नाही.

पहिली चूक

माझं नाव सोमनाथ. गावात सोमा. बायकोचं नाव पार्वती. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पार्वती त्याच्या पुढची. नावासारखा शब्दही तोंडात नको. म्हणून सोमवार बंद. त्याला ती महादेवाचा वार म्हणायची. संतोष पहिलीत असताना वार म्हणून दाखवायला उभा राहिला आणि "रविवार, महादेवाचा वार, मंगळवार" म्हणाला. मास्तर ओरडले. पोरगं रडत घरी आलं. ती म्हणाली, "मास्तरला काय कळतंय?"

आमच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं. पान फाडणं हे तिचं काम. शाळेत गेली नव्हती, पण आकडे आणि वार ओळखायची. सकाळी चुलीपुढं जायच्या आधी पान फाडायची आणि मोठ्यानं वार सांगायची. त्यावर माझी कंपनीतली पाळी ठरायची.

मग ती विसरायला लागली. भाजीत दोनदा मीठ. तवा गॅसवर ठेवून बाहेर जाऊन बसायची. एकच गोष्ट चारदा विचारायची. मी म्हणायचो, वय झालं, मीपण चष्मा शोधतो की. संतोषनं ऐकलं नाही. चाकणला डॉक्टरकडं घेऊन गेला, मीही गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

नेमका सोमवार होता. ती म्हणाली, "महादेवाचा."

डॉक्टरीणबाईंना कळेना. मी हसून सगळं समजावलं. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, आजोबांचं नाव काय?"

तिनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं.

"अवो डॉक्टर," मी म्हटलं, "ती कशी घेईल? उखाणा घालायला सांगा, मग घेईल." नर्स म्हणाली, "घ्या आजी, घ्या उखाणा." ती भिंतीकडं बघून हसली. बोलली नाही. आम्हाला वाटलं लाजली. महिना विचारला तर पौषात श्रावण म्हणाली. मी म्हटलं, तिचा उपासाचा महिना, तोच डोक्यात असतो.

प्रत्येक प्रश्नाला मीच उत्तर दिलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सहा महिन्यांनी परत आणा. मी नेलं नाही. पास झालेल्या माणसाला परत परीक्षेला कशाला बसवायचं?

आज मला वाटतं, त्या दिवशी वार तिनं जाणून सांगितला होता आणि नाव मात्र तिला आठवत नव्हतं. दोन्ही वेळचं गप्प राहणं दिसायला एकच दिसतं. लाज आणि विसर, दोन्हीला मान खालीच जाते. तुमच्या घरचं म्हातारं माणूस डॉक्टरपुढं बसलं असेल तर तुम्ही तोंड बंद ठेवा. त्याला बोलू द्या. तोंड बंद ठेवणं जमत नसेल तर बाहेर जाऊन बसा. मी वर्ष घालवलं ते असं.

सोमवार

वर्षानं एके सकाळी मी चहा पीत होतो. मागच्या खोलीतली सविता दूध घ्यायला आली होती. तिचा नवरा कंपनीत, माणसं नांदेडकडची. पार्वतीनं पान फाडलं आणि वाचलं, "सोमवार." मग परत, शाळेतली पोरगी म्हणते तसं, "सोमवार, सोमवार."

सविताला काही वाटलं नाही. मी कप खाली ठेवला.

"काय म्हनली?"

"सोमवार," ती म्हणाली. माझ्याकडं बघून. डोळ्यांत काहीच नव्हतं, लाज नाही, चेष्टा नाही.

लोक सांगतात, आमच्या आईनं आम्हाला ओळखलं नाही तेव्हा कळलं, वडील रस्ता चुकले तेव्हा कळलं. मला असं कळलं. संतोषला फोन केला. तो म्हणाला, "आण्णा, यात काय झालं? चांगलंय की, बोलली शेवटी." मी म्हटलं, "तू सुट्टी टाक."

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी लिहिणं थांबवलं. रागावल्या नाहीत. निगडीला मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. संध्याकाळपर्यंत बाकावर बसलो. पार्वतीनं पिशवीतल्या चकल्या समोरच्या बाईला दिल्या, तिच्या मुलाची चौकशी केली. पाच मिनिटांनी परत दिल्या, परत चौकशी केली. त्या बाईनं दोन्ही वेळा तेवढ्याच आनंदानं सांगितलं. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. मी तिला अजून विसरलो नाही.

मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्मृतिभ्रंश. मी तीनदा विचारलं. मग म्हटलं, "साहेब, मराठीत सांगा."

"आजोबा, मराठीच आहे. त्या हळूहळू विसरत जातील."

"काय काय?"

"बरंच."

"मला?"

डॉक्टर संतोषकडं बघायला लागले. मी म्हटलं, "त्याच्याकडं काय बघता? नवरा मी हाय."

"तुम्हालाही," ते म्हणाले. "कधी, ते सांगता येत नाही."

येताना संतोष गाडी चालवत होता. मोशीला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा पार्वती म्हणाली, "भूक लागली." आम्ही गाडी कडेला घेऊन भजी खाल्ली. तिनं आवडीनं खाल्ली. मीही खाल्ली. असल्या दिवशी माणूस भजी खाऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसरी चूक, ही मोठी

औषधं सुरू झाली. काही महिने बरे गेले. मग मला ती पाव्हणं म्हणायला लागली. "पाव्हणं, च्या घ्या. पाव्हणं, जेवून जावा." माझ्याच घरात मी पाहुणा. सुरुवातीला वाईट वाटलं. नंतर ध्यानात आलं, बायको म्हणून तिनं मला एवढा आग्रह कधी केला नव्हता.

एक दिवस मागं भाडेकरूंचा नळ बसवत होतो. पंधरा-वीस मिनिटं. परत आलो तर घर रिकामं. दार उघडं. देऊळ बघितलं, ओढा बघितला. सविता अनवाणी पळत होती. मी दिसेल त्याला सांगत होतो, पार्वती नाव, हिरवं लुगडं. सवितानं फोनवर गावाच्या ग्रुपला टाकलं, पार्वतीबाई हरवल्यात.

बाराच्या सुमारास एका माणसाचा फोन आला. "काका, हायवेच्या बाजूला एका कंपनीच्या गेटवर एक म्हातारी बसलीय. नाव ठकूबाई सांगते, वडलांचं धोंडिबा. तुमची का?"

"न्हाई," मी म्हटलं. "आमची पार्वती." आणि ठेवून दिला.

चार तास. त्या हायवेवरून कंटेनर कसे जातात ते ज्यानं बघितलंय त्याला हे चार तास सांगायला नकोत. मेहुण्याला कळवलं, गेनूभाऊला. पार्वतीचा धाकटा भाऊ, राजगुरुनगरच्या पुढं असतो. म्हटलं, तिकडं आली का? तो घाबरला. मग काय काय झालं ते विचारता विचारता मी त्या फोनचंही सांगितलं, की कोणी ठकूबाई सापडलीय, आपली नाही.

"दाजी!" तो ओरडला. "अवो ठकी म्हंजी आपलीच की! तुमीच न्हवं का तांदळात नाव लिवलं?"

लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीनं नवं नाव लिहितो. माझी आई म्हणाली, सोमनाथाची पार्वतीच पाहिजे. मी लिहिलं. त्या दिवसापासून ठकी संपली. सासरी कोणी तिला त्या नावानं हाक मारली नाही, मीसुद्धा नाही. मी तर अगं म्हणायचो. ते नाव माझ्या ध्यानातूनच गेलं होतं. आजार तिला होता आणि विसरलो मी.

गेटवर पोचलो तर ती वॉचमनच्या खुर्चीवर बसून बिस्किट खात होती. बिचारा स्वतः चार तास उभा होता. म्हणाला, "काका, मी इचारलं, आजी, मालक काय करत्यात? तर म्हणल्या, अजून लगीन न्हाई झालं."

मग माझ्या डोक्यात सोमवारचा उलगडा झाला. लग्नच झालं नाही तर नवऱ्याचं नाव कसलं आणि ते टाळायचं कशाला? ती मागं मागं चालत माहेरी पोचली होती. तिथं मी नव्हतोच.

मी म्हटलं, "ठके, चल घरी."

ती लगेच उठली. माझा हात धरला, बोटं चाचपली, तुटक्या बोटावर थांबली आणि ते मुठीत धरून चालायला लागली. तोंड ओळखीचं नव्हतं, बोट होतं.

बोली

त्या रविवारी संतोष आला. त्याची बायको स्नेहल सासूजवळ बसली, आम्ही दोघं बाहेर.

"आण्णा, आमच्याकडं न्यावं तर दिवसभर फ्लॅटला कुलूप. निगडीत एक केंद्र आहे, अशाच लोकांसाठी. मी बघून आलोय."

"आईला कुलपात ठिवायला जागा बघून आला. शाबास."

"तुम्ही दमलाय. आरशात बघा एकदा."

"मी बगतो. तू आईकडं बग."

तो उठून गेला. गाडीत जाऊन बसला. बराच वेळ. माझा मुलगा रडतोय हे मला लांबून दिसत होतं, तरी मी उठलो नाही. हे त्याला टाइप करताना वाचू दे.

शेवटी आम्ही तिघं ते केंद्र बघायला गेलो. मुद्दाम लिहितो, जागा वाईट नव्हती. स्वच्छ होती, बायका मायेनं बोलत होत्या. ज्यांच्या घरी माणूसच नाही त्यांनी तिथं ठेवलं तर त्यात लाज नाही. पण तिथं फिरताना तिनं माझं बोट एकदाही सोडलं नाही. निघताना संतोषच म्हणाला, "आण्णा, एक काम करू. एक महिना घरी बघू. पण परत आई रस्त्यावर गेली किंवा पडली, तर तुम्ही नाही म्हणायचं नाही."

"न्हाई म्हननार."

ही आमची बोली झाली. तेव्हापासून माझ्यापुढं एकच काम होतं. ती घराबाहेर जाता कामा नये, पडता कामा नये, आणि तिला कोंडल्यासारखं वाटता कामा नये. तिसरं अवघड होतं.

पिवळा पट्टा

प्रेसवर काम करताना एक गोष्ट शिकलो. माझं बोट गेलं तेव्हा साहेब म्हणाले होते, तू लक्ष दिलं नाहीस. नंतर नव्या मशीन आल्या. त्यांना दोन बटणं. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खालीच येत नाही. म्हणजे हात आत राहायचा प्रश्न नाही. माणसाला लक्ष दे, लक्ष दे म्हणून ओरडण्यापेक्षा मशीन बदललं. वर्षभर मी पार्वतीवर ओरडत होतो, अगं लक्ष दे. त्या आठवड्यात ओरडणं बंद केलं आणि घर बदललं.

गॅसचं बटण सिलिंडरवरूनच बंद करायला लागलो. न्हाणीची आतली कडी काढून टाकली. फरशीवरचं पायपुसणं फेकलं, त्यात पाय अडकायचा. संडासात आणि न्हाणीत धरायला पाइप वेल्डिंग करून बसवले. बाहेरच्या दाराची कडी वर, तिच्या नजरेच्या वर नेली, आणि दाराला घुंगरू बांधलं. मग पिवळा ऑइलपेंट आणला. कंपनीत चालायच्या वाटेला दोन्ही बाजूंनी पिवळे पट्टे असतात, तसे तिच्या खाटेपासून संडासापर्यंत मारले. प्रत्येक पायरीच्या कडेला मारला.

सविता बघत होती. "मामा, घर आहे का कंपनी हो? आता भोंगा पण लावा."

"लावतो. तुजा नवरा येळेवर उठंल."

पट्टे वाळल्यावर ठकीला उभं केलं. ती खाली बघत बघत पट्ट्यामधून गेली, थेट संडासात. त्याआधी महिनाभर ती घरातल्या घरात संडास शोधत रडायची आणि कपडे खराब व्हायचे. त्या दिवशी झाले नाहीत.

कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ मीच तिला माहेरी न्यायचो. "ठके, चल, धोंडिबानं बोलावलंय." चपला घालून गावाला एक चक्कर मारायची. परत दारात आलो की म्हणायचं, आलं घर. ती आत यायची. खोटं बोलायचो, हो. डॉक्टरीणबाईंना विचारलं, चालतं का? त्या म्हणाल्या, "त्यांना भीती वाटत नाही ना? मग चालतं."

गळ्यात काळ्या दोऱ्यात पत्र्याची पट्टी करून घातली. तिच्यावर दोन्ही नावं कोरून घेतली, ठकूबाई आणि पार्वती, खाली दोन फोन नंबर. तुमच्या घरी अशी कोणी असेल तर आजच तिचं माहेरचं नाव विचारून ठेवा. विचारायला माणूस आहे तोवर विचारा.

कॅलेंडर तेवढं तिच्याकडं ठेवलं. कधी एक पान फाडायची, कधी अख्खा आठवडा. मी पानं गोळा करून परत चिमट्याला लावायचो. रोज विचारायचो, "ठके, वार कोनता?" ती म्हणेल तो वार.

हे संतोषला माहीत नव्हतं

एकदा मी हात उचलला. मारला नाही, पण उचलला. आंघोळीला बसत नव्हती, तीनदा पाणी तापवलं होतं, तिनं तांब्या माझ्या तोंडावर मारला. माझा हात वर गेला. ती भिंतीला चिकटली आणि म्हणाली, "मारू नगा वं पाव्हणं. मी जाते माज्या घरी."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. सविता आली. आत गेली आणि तिला आंघोळ घातली.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. संतोष औषधं आणायला गेला होता तेव्हा. वाटलं, आता या बाई तोंड फिरवतील. त्यांनी विचारलं, "आजोबा, शेवटचं सलग कधी झोपलात?" मी दिवस मोजायला लागलो. त्यांनी कागदावर तिच्या औषधाखाली माझं औषध लिहिलं: आठवड्यातून दोन दिवस सुट्टी. संतोषला वाचायला लावलं. तेव्हापासून तो आणि स्नेहल शनिवार-रविवार यायला लागले. शनिवारी मी सविताच्या खोलीत जाऊन झोपायचो आणि ती माणसं ओट्यावर बसायची. एवढं सोपं होतं. मी मागितलं नव्हतं म्हणून मिळालं नव्हतं.

महिन्याची बोली वर्षावर गेली, मग दोनावर. ती पडली नाही. रस्त्यावर गेली नाही. संतोष बोली विसरला नव्हता, पण त्यानं विषय काढला नाही.

वॉर्डात

शेवटच्या थंडीत तिच्या छातीत कफ झाला. आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं पिवळा पट्टा नाही, कॅलेंडर नाही. ती सलाइनची सुई उपसायची. नर्स म्हणाली, हात बांधावे लागतील. मी म्हटलं, "बांदा. माज्या हाताला बांदा." त्यांना वाटलं म्हातारा भांडतोय. मी तुटकं बोट तिच्या मुठीत दिलं. मूठ मिटली की तो हात सुईकडं जायचा नाही. मी आणि संतोष आळीपाळीनं बसलो. संतोषची बोटं दहाच्या दहा शाबूत, त्यामुळं त्याच्याकडं ती जरा कमी थांबायची. तो म्हणाला, "आण्णा, मीपण एक तोडून घेऊ का?" आठ दिवसांत तेवढंच हसलो.

सकाळी सहाला झाडायला येणारी मावशी स्वतःच्या डब्यातला चहा झाकणात ओतून मला द्यायची. डॉक्टरांच्या फेरीत मी काय ऐकलं ते सांगता येणार नाही, पण तो चहा कसा होता ते सांगता येईल. आल्याचा.

घरी आणताना मोठे डॉक्टर संतोषला बाजूला घेऊन बोलले. मी विचारलं नाही. संतोषनं गाडीचं दार उघडलं आणि आईला उचलून बसवलं, तेव्हा कळलं.

उजवा हात

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो रविवार. नखांचा.

"उद्या नगं. उद्या महादेवाचा वार."

मी असं म्हणत नाही की तिनं मला ओळखलं. जिभेला सवय असते. पाव्हणं म्हणाली होती त्याच्या दोन मिनिटं आधी. मी विचारलं, "ठके, महादेवाचा वार म्हंजी कोनता?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला. खाली बघितलं. लाज होती का विसर, मला सांगता येत नाही. पहिल्या वेळेला मी छातीठोक सांगितलं होतं आणि चुकलो होतो. आता सांगत नाही.

दुपारी वरणभाताचे चार घास खाल्ले. खाटेवर पडली. संतोष आणि स्नेहल घरात होते. मी तिच्या उशाशी होतो, बोट तिच्या मुठीत. कधीतरी मूठ सैल झाली. झोपेत तशी व्हायची, म्हणून मी आणखी थोडा वेळ तसाच बसलो.

बायका जमल्या. आंघोळीचं पाणी तापलं. मी नेलकटर मागितलं.

"आण्णा, आता कशाला?" संतोष म्हणाला.

"उजवा हात ऱ्हायलाय."

"राहू द्या ना."

"काम अर्धं टाकून मी कधी पाळी सोडली न्हाई. आनि ती उद्या नगं म्हनलीय."

सवितानं टॉवेल आणून दिला. पाच नखं काढली. रविवारच होता अजून. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणं पाचला जाग आली. पट्ट्यामधून चालत न्हाणीत गेलो, तोंड धुतलं. दाराचं घुंगरू सोडलं. संतोष ओट्यावर फोन घेऊन बसला होता, राख सावडायला कोण कोण येणार ते बघत. गेनूभाऊ फोनवर होता. संतोषनं फोन बाजूला धरला आणि माझ्याकडं वळला.

"आण्णा, मामा विचारतोय, आज सोमवार आहे. सावडायला चालतो का?"

मी भिंतीकडं गेलो. रविवारचं पान फाडलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"त्याला सांग," मी म्हटलं, "आज महादेवाचा वार हाय. चालतो."